पाचशेव्या पावलाला काय होतं

"चालताना चप्पल पायातून निसटते का?" पायांची तक्रार घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाला आपल्याकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर 'हो' आलं की लगेच दुसरा येतो. "निसटली की तुमचं तुम्हाला कळतं, की मागून कुणी हाक मारल्यावर?" ऐकायला किरकोळ वाटणारी ही विचारपूस फार नेमकी आहे. चप्पल सुटतेय हे कळतं, पण बोटांनी ती धरून ठेवता येत नाही, तर घोट्याच्या आणि पावलाच्या स्नायूंची ताकद कमी झाली आहे. सुटल्याचं कळतच नाही, माणूस एका अनवाणी पायाने चार पावलं पुढे निघून जातो, तर तळपायाकडून मेंदूकडे जाणारी खबर वाटेत हरवते आहे. तिसरा प्रश्न बेसिनचा. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? पाय जमिनीवर नेमके कसे टेकलेत हे ज्याला पायांकडून कळत नाही, तो नकळत डोळ्यांच्या आधाराने उभा असतो. डोळे मिटले की तो पुढे कलंडतो आणि बेसिनची कड धरतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस, रोजच्या बोलण्यात एमएस, झालेल्या अनेकांकडे या प्रश्नांची उत्तरं 'हो' अशीच असतात. पण त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. किती चालल्यावर? दवाखान्याच्या दारापासून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीपर्यंतच्या दहा-बारा पावलांत या माणसाची चाल पुष्कळदा ठीकठाक दिसते. बसस्टॉपवरून घरी येताना शेवटच्या गल्लीत तोच माणूस भिंत धरून चालत असतो. दोन्ही चाली खऱ्या आहेत. फक्त पहिली पाहून मत बनवलं की या आजाराबद्दलचे गैरसमज तिथूनच सुरू होतात. घरातले, ऑफिसातले आणि कधी कधी दवाखान्यातलेही.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतासंस्थेवर उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. मारा होतो तो त्या वेष्टनावर. जिथे तो होतो तिथलं मायलिन झडतं, सूज ओसरल्यावर चट्टा उरतो, काही ठिकाणी आतला तंतूही तुटतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली हे चट्टे आणि जिवंतपणी दिसणारी लक्षणं यांची सांगड घालून या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. आज जगात सुमारे २८ ते २९ लाख लोक त्यासह जगत आहेत. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते आणि स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. भारतात तो युरोपइतका आढळत नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात इतर भारतीयांपेक्षा तो जास्त दिसतो, हे इथल्याच डॉक्टरांनी केलेल्या पाहण्यांतून पुढे आलेलं आहे.

आता पायांकडे वळू. जाड मायलिन असलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो. मायलिनच नसेल तर तोच वेग सेकंदाला एक-दोन मीटरवर येतो. मायलिनचं वेष्टन सलग नसतं. मध्ये मध्ये बारीक उघड्या जागा असतात आणि संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उड्या घेत जातो. वेष्टन झडलं की हा प्रवाह वाटेतच झिरपून जातो. पाटाचं पाणी जसं प्रत्येक भगदाडापाशी थोडं थोडं जिरत जातं आणि शेवटच्या वाफ्याला जेमतेम ओल पोचते, तसंच हे. पायांना हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या वरच्या टोकापासून निघून जवळजवळ अख्खा मज्जारज्जू उतरून जातात. वाट जितकी लांब तितकी वाटेत चट्टा भेटण्याची शक्यता जास्त. हातांच्या आधी पाय तक्रार करू लागतात, याचं हे एक मोठं कारण आहे.

पण एवढ्याने 'किती चालल्यावर' याचं उत्तर मिळत नाही. पाणी झिरपतच असेल तर ते पहिल्या पावलापासून झिरपायला हवं. इथे तंतूच्या आतला एक बारकावा समजून घ्यावा लागतो. प्रत्येक संदेशाबरोबर तंतूत थोडं सोडियम शिरतं आणि ते बाहेर फेकायला तंतूच्या भिंतीत पंप बसवलेले असतात. संदेश एकामागून एक येत राहिले की पंप जोराने चालतात आणि त्यांच्या या चालण्यामुळेच तंतू पुढच्या संदेशाला थोडा कमी प्रतिसाद देऊ लागतो. निरोगी तंतूला याचं काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे गरजेच्या कित्येक पट शिल्लक असते. मायलिन गेलेला तंतू मुळात काठावर असतो. पहिले शंभर संदेश तो कसेबसे पोचवतो, पुढचे अडखळत, आणि मग काही संदेश पोचतच नाहीत. थोडा वेळ बसलं की पंपांचं काम उरकतं, तंतू पुन्हा तयार होतो आणि माणूस उठून बऱ्यापैकी चालू लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, "आत्ता तर पाय टाकवत नव्हता, आणि आता?" या 'आणि आता?' मागचा संशय एमएस असलेल्या कित्येकांनी जवळच्या माणसांच्या डोळ्यांत वाचलेला असतो. मला हा सगळा तपशील महत्त्वाचा वाटतो तो त्यासाठीच. इथे इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, तंतूच्या भिंतीत चाललेल्या रसायनाचा आहे.

या आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने तो स्वतःच्या रोजनिशीत टिपून ठेवला होता. ऑगस्टस देस्ते (१७९४–१८४८) हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. त्याच्या आईवडिलांचं लग्न राजघराण्याच्या विवाह कायद्याखाली रद्दबातल ठरलं, म्हणून राजपुत्राचा मान त्याला कधीच मिळाला नाही. १८२२ साली एका जिवलग नातेवाइकाला भेटायला तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला. पोचला तेव्हा तो नातेवाईक वारला होता. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत देस्तेची नजर इतकी अधू झाली की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने डोळे आपोआप सुधारले. १८२७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये असताना त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. ते बरं होतंय तोवर पायांतलं बळ दिवसेंदिवस ओसरत गेलं आणि तो चालता चालता पडू लागला. उपाय म्हणून डॉक्टरांनी दिवसातून दोनदा गोमांसाचे तुकडे, सोबत बिअर आणि उंची मद्यं असा खुराक सुचवला. बळ परत आलंही, पण ते खुराकामुळे आलं नसावं. एमएसचे झटके सुरुवातीच्या वर्षांत येतात आणि ओसरतात, हा त्याचा स्वभावच आहे.

पुढची वीस वर्षं देस्ते लिहीत राहिला. तळपायाची बधिरता, लघवीची अडचण, काठीशिवाय न सावरणारा तोल आणि शेवटी चाकांची खुर्ची. युरोपभरच्या वैद्यांना त्याने स्वतःला दाखवलं, खनिज पाण्याची स्नानं केली, अंगाला मालिश करवून घेतलं. त्याच्या आजाराला नाव देऊ शकेल असं त्या काळी जगात कोणी नव्हतं. १९४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, ब्रिटिश डॉक्टर डग्लस फर्थ यांनी ही रोजनिशी अभ्यासून प्रसिद्ध केली, आणि आज एमएसचा पहिला सविस्तर लेखी वृत्तान्त म्हणून ती ओळखली जाते. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं पायांकडे सतत लक्ष असणं. तपासणीचं कोणतंही साधन नसताना, आपण काल किती चाललो आणि आज किती, हेच त्याचं मोजमाप होतं.

आज ते मोजायला साधनं आहेत, आणि त्यांतलं सगळ्यात बोलकं साधन सगळ्यात साधं आहे. सहा मिनिटं चाला. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना एकेक प्लॅस्टिकचा शंकू, फिजिओथेरपिस्टच्या हातात स्टॉपवॉच. अशी चाचणी देणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. तिला सांगितलंय की जमेल तितक्या वेगाने, जमेल तितकं अंतर चाला. पहिल्या मिनिटात पावलांचा आवाज सारखा येतो. टाच टेकते, मग तळवा, मग बोटांनी जमीन मागे ढकलली जाते. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास एका पायाचा आवाज बदलतो. डावं पाऊल टाचेवर उतरेनासं होतं, अख्खं आपटतं. चौथ्या मिनिटात पाऊल पुढे नेताना चवडा फरशीला घासू लागतो, कारण पाऊल वर खेचणारा नडगीपुढचा स्नायू थकला आहे आणि पाऊल खाली लोंबतंय. मग शरीर युक्त्या काढतं. डाव्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि पाय सरळ पुढे न येता बाहेरून अर्धगोल काढत येतो. दोन पावलांमधलं आडवं अंतर वाढतं, लांबी कमी होते, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा क्षण लांबतो. हात झुलायचे थांबतात. पाचव्या मिनिटात डावा गुडघा मागच्या बाजूला खटकन जातो, कारण मांडीचे स्नायू त्याला थोडा वाकवून धरू शकत नाहीत. शंकूपाशी वळताना तिला जास्तीची दोन पावलं लागतात. फिजिओथेरपिस्टने "ठीक आहात ना?" असं विचारलं तर ती आधी थांबते आणि मग उत्तर देते. चालणं आता आपोआप होत नाही. प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतंय आणि बोलायला लक्ष शिल्लक नाही.

चाचणीचा हिशेब सोपा आहे. सहाव्या मिनिटातलं अंतर पहिल्या मिनिटाच्या तुलनेत किती टक्क्यांनी घटलं? दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त घट असेल तर चालण्याने येणारी ही झीज खरी आणि दखल घेण्याजोगी मानतात. निरोगी माणूस मधली मिनिटं थोडा मंदावतो आणि शेवट जवळ आला की पुन्हा वेग घेतो. एमएसमध्ये ज्यांना ही झीज होते, त्यांचा वेग उतरतच जातो.

वर सांगितलेल्या युक्त्यांचीही किंमत असते. कंबर उचलून, पाय फिरवून टाकलेल्या प्रत्येक पावलाला सरळ पावलापेक्षा जास्त ऊर्जा लागते. त्यात स्नायूंचा ताठरपणा मिसळला की हिशेब आणखी बिघडतो. एमएसमध्ये पोटरी आणि मांडीचे स्नायू सैल पडायच्या वेळी ताठ राहतात, त्यामुळे पुढचे स्नायू पाय हलवतात ते मागच्या स्नायूंशी झगडूनच. चाल बिघडली म्हणून थकवा येतो आणि थकवा आला म्हणून चाल आणखी बिघडते, असं हे चक्र आहे. काही वेळा या ताठरपणाचाच आधारही होतो, हे इथे सांगायला हवं. मांडी कमजोर असलेल्या माणसाचा पाय ताठ राहतो म्हणूनच तो उभा राहू शकतो. ताठरपणा घालवण्याची गोळी जरा जास्त झाली आणि पायच मुडपू लागले, असं सांगणारे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात. म्हणून बॅक्लोफेनसारख्या औषधाची मात्रा हळूहळू, चाल पाहत पाहत वाढवावी लागते.

संवेदनेचा भागही वेगळा आहे. ताकद शाबूत असूनही पायाखाली गादी आहे किंवा वाळू आहे असं वाटत राहिलं तर चाल सावध, रुंद आणि मंद होते, आणि अंधारात तर फारच. अमेरिकन अभिनेत्री क्रिस्टिना ॲपलगेट २०२२ साली हॉलिवुडमधल्या आपल्या गौरवसमारंभाला अनवाणी आली होती. एमएस असलेल्या काहींना बुटांचा त्रास होतो, त्यांनी तोल जातो, असं तिने त्या वेळी सांगितलं. तळपायाकडून येणारी खबर आधीच अंधूक असेल तर जाड तळ ती आणखी अंधूक करतो. याउलट पाऊल लोंबणाऱ्या माणसाला मात्र घोटा धरणारा बूट लागतो. दोघांचा आजार एक, पण पायांची गरज उलटी, आणि म्हणून एकाला लाभलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा देऊ नये.

मग उष्णता. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी एमएसच्या शंभर रुग्णांपैकी चौघांमध्ये एक गोष्ट नोंदवली. श्रम केले की त्यांची नजर तात्पुरती मंदावत होती. ऊटहोफना वाटलं की कारण श्रम. पुढे लक्षात आलं की श्रमाने शरीर तापतं आणि खरा दोष तापण्याचा आहे. मायलिन गेलेल्या तंतूत, तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश अडू शकतो. एमआरआय येण्याआधीच्या काळात तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहायची पद्धत होती. आज कोणी तसं करत नाही. पण आपल्याकडे रोज सकाळी कढत पाण्याने आंघोळ करणाऱ्या घरांत ही चाचणी नकळत होतच असते. आंघोळीला ठणठणीत गेलेल्या बाईला मोरीतून उठवत नाही, पाय थरथरतात, आणि घरचे घाबरतात की नवा झटका आला. अंग थंड झालं की तासाभरात पाय परत येतात. नव्या झटक्याची लक्षणं किमान चोवीस तास टिकतात; उष्णतेने आलेली थंड झाल्यावर ओसरतात. हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा, कारण त्यामुळे पुष्कळ भीती वाचते. मात्र ताप आला असेल तर तो का आला हे पाहायलाच हवं. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गानेही एमएस असलेल्या माणसाचे पाय एका रात्रीत जातात आणि संसर्ग बरा झाला की परत येतात.

विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात या लोकांना काय सोसावं लागतं, याची कल्पना यावरून यावी. बाजार, बँक, दवाखाना ही कामं सकाळी लवकर उरकणं, निघण्याआधी गार पाण्याने अंग ओलं करणं, मानेवर ओला पंचा टाकणं, सोबत थंड पाणी ठेवणं हे उपाय साधे असले तरी त्यांनी चालण्याचं अंतर खरोखर वाढतं.

आतापर्यंत बोललो ते चालता चालता येणाऱ्या थकव्याबद्दल. एमएसमध्ये आणखी एक थकवा असतो, आणि तो चालण्याची वाटही पाहत नाही. सकाळी उठल्यापासून अंगावर ओझं ठेवल्यासारखा तो असतो, झोपेने उतरत नाही, दुपारी वाढतो. एमएस असलेल्या चारांपैकी तिघांना तरी तो कधी ना कधी गाठतो. पाहणीत त्याला सर्वांत त्रासदायक लक्षण म्हणणारेही पुष्कळ असतात. हे दोन थकवे नेहमी हातात हात घालून येत नाहीत. एखादा माणूस दिवसभर गळून गेलेला असतो, पण सहा मिनिटांच्या चाचणीत त्याचा वेग टिकतो. दुसरा ताजातवाना असतो आणि चौथ्या मिनिटाला पाय ओढू लागतो. म्हणून दोन्ही वेगळे विचारावेत आणि वेगळे तपासावेत.

दिवसभराच्या थकव्यामागे पुष्कळदा एमएसखेरीज दुसरंही काही असतं. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर झोप कुठून पुरणार? रक्तातलं लोह कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, मन खचलं असेल, ताठरपणाच्या गोळीने गुंगी येत असेल, तर ते आधी शोधायला हवं. आपल्याकडे तरुण बायकांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आहे की तो न तपासता सगळा दोष एमएसवर टाकणं अन्यायाचं होईल. थकव्यासाठी म्हणून ॲमँटाडीन, मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही तीन औषधं वर्षानुवर्षं लिहून दिली जात होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत १४१ रुग्णांना ही तिन्ही औषधं आणि नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी, अशी आळीपाळीने दिली गेली. तिन्हींपैकी एकही औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नाही; दुष्परिणाम मात्र जास्त झाले.

व्यायामाची गोष्ट याच्या अगदी उलट घडली. गेल्या शतकात बराच काळ एमएसच्या रुग्णाला सल्ला मिळायचा तो विश्रांतीचा. दमू नका, तापू नका, पडून राहा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ जणांना घेऊन हे ताडून पाहिलं. अर्ध्यांनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हात-पाय दोन्ही चालवायच्या सायकलवर ४० मिनिटं व्यायाम केला. त्यांचा दमसास आणि ताकद वाढली, थकवा आणि उदासी यांत सुधारणा दिसली. आजार बळावल्याची चिन्हं दिसली नाहीत. त्यानंतरच्या अभ्यासांनी हीच दिशा पक्की केली आहे. इतकी वर्षं जे अंथरुणाला खिळले, त्यांतले काही आजाराने कमी आणि सल्ल्याने जास्त खिळले असतील, हा विचार मला फार अस्वस्थ करतो. पडून राहिलेला स्नायू महिन्याभरात सुकतो आणि मग चट्ट्याने गेलेलं बळ किती आणि न वापरल्याने गेलेलं किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

अर्थात व्यायाम कसा करायचा यात वर सांगितलेलं रसायन विसरून चालत नाही. सलग सहा मिनिटं चालण्याऐवजी दोन-दोन मिनिटं चालून मध्ये बसलं तर एकूण अंतर जास्त होतं आणि थकवा कमी, असं मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे बसणं हा चालण्याचाच भाग धरायचा. पाय पूर्ण बंद पडेपर्यंत रेटू नये. चवडा घासू लागला की बसायचं, हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी नियम आहे, कारण पडण्याचा धोका त्यानंतरच्या पावलांत वाढतो.

काठीबद्दल मनात फार लाज असते, विशेषतः तिशीतल्या माणसाच्या. लोक काय म्हणतील, लग्न ठरेल का, साहेब काय समजतील. त्यामुळे काठी घेतली जाते ती दोन-तीनदा पडल्यावर, कधी मनगट मोडल्यावर. काठी धरायची ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ जण उलट करतात. हात सरळ सोडून उभं राहिलं की काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीपाशी यावी. पाऊल लोंबत असेल तर पोटरीमागून तळपायाखाली जाणारा प्लॅस्टिकचा हलका आधार मिळतो, त्याला एएफओ म्हणतात. तो बुटात बसतो, पायजम्याखाली झाकला जातो आणि चवडा घासणं थांबवतो. याहून पुढचं उपकरण म्हणजे गुडघ्याखालच्या नसेला नेमक्या क्षणी विजेचा हलका झटका देऊन पाऊल उचलायला लावणारं यंत्र. ही कल्पना १९६१ साली व्लादिमिर लिबरसन यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मांडली आणि पुढे एमएसमध्येही ती वापरात आली. ते महाग आहे, त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात, पण ज्यांना लागू पडतं त्यांची चाल पाहता पाहता बदलते.

डॉक्टर एमएसची तीव्रता ज्या मोजपट्टीवर मांडतात ती अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कर्ट्झकी यांची. तिचं पहिलं रूप १९५५ चं, आजचं १९८३ चं. शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाने ती चढते. मधले गुण जवळजवळ पूर्णपणे चालण्यावर ठरतात. आधाराविना, न थांबता सुमारे ५०० मीटर चालता आलं तर चार. ३०० मीटर तर साडेचार, २०० तर पाच, १०० तर साडेपाच. शंभर मीटरला एका बाजूचा आधार लागला तर सहा, वीस मीटरला दोन्ही बाजूंचा लागला तर साडेसहा, आणि आधारानेही पाच मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर सात. या पट्टीने जगभरच्या औषधचाचण्यांना एक भाषा दिली, हे तिचं मोठं काम. तिची उणीव अशी की ५०० मीटर चालल्यावर माणसाची काय अवस्था झाली, त्यानंतर स्वयंपाक करता आला की तो संध्याकाळपर्यंत आडवाच होता, हे ती विचारत नाही. त्यातच गर्दीच्या ओपीडीत ५०० मीटर चालवून पाहणार कोण? रुग्णाला विचारलं जातं, रुग्ण अंदाजाने सांगतो. चांगल्या दिवशी विचारलं तर आकडा मोठा, वाईट दिवशी लहान.

आपल्याकडे याचा संबंध थेट हक्काशी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही फार मोलाची गोष्ट. आरक्षणासारखे लाभ मिळायला मात्र प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि ते ठरतं एका दिवशी, एका खोलीत, काही पावलं पाहून. ज्याचा पाय चारशे मीटरला बंद पडतो तो त्या खोलीत धडधाकट दिसतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढलेल्या तरुण मुलीला "तुला काय झालंय?" असं दटावलं जातं तेही याच कारणाने. तिने डब्यात चढताना टाकलेली चार पावलं लोकांना दिसतात, दादरचा पूल उतरतानाची शेवटची पायरी दिसत नाही. मुंबईत १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आणि तिच्या शहरोशहरीच्या शाखा अशा माणसांना एकमेकांशी जोडून देतात. प्रमाणपत्रासाठी जाताना चालण्याच्या सहा मिनिटांच्या चाचणीचा लेखी अहवाल सोबत न्यावा, थकल्यावरच्या चालीचा व्हिडिओ फोनमध्ये असावा, असं मी आवर्जून सुचवेन.

शेवटी औषध. एमएसचे झटके रोखणारी औषधं आता पुष्कळ आहेत आणि चाल वाचवण्याचा पहिला मार्ग तीच, वेळेवर सुरू केलेली. पण झालेल्या नुकसानीवर, थेट चालण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एक औषध आहे, फॅम्प्रिडीन. हे रसायन पूर्वी शेतातले आणि विमानतळावरचे पक्षी हाकलण्याच्या आमिषात वापरलं जायचं. मायलिन झडल्यावर तंतूवरची पोटॅशियमची दारं उघडी पडतात आणि प्रवाह तिथून निसटतो. फॅम्प्रिडीन ती दारं बंद करतं. अमेरिकेत त्याला जानेवारी २०१० मध्ये मान्यता मिळाली. निर्णायक चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोक टिकून राहिलेल्या सुधारणेला पोचले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. आणि ज्यांना गुण आला त्यांचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे तिघांपैकी एकाला ते लागू पडतं. फिट्स येण्याचा इतिहास असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते देत नाहीत, आणि दिवसाला १० मिलिग्रॅमच्या दोनच गोळ्या, बारा तासांच्या अंतराने, हा नियम मोडायचा नाही, कारण मात्रा वाढली की फिट येण्याचा धोका वाढतो.

ही चाचणी कशावर मोजली गेली? पंचवीस फुटांवर, म्हणजे ७.६२ मीटर. संदेश वाटेत थांबू नये म्हणून बनवलेलं औषध अशा अंतरावर तपासलं गेलं जिथे संदेश थांबायला वेळच मिळत नाही. आजही दवाखान्यात गोळी सुरू करण्याआधी आणि दोन ते चार आठवड्यांनी हे पंचवीस फूट घड्याळ लावून चालायला सांगतात. वेग वाढला तर गोळी चालू, नाही तर बंद. रुग्णाने आणि घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे सहा मिनिटांच्या चालण्याचीही मागणी करावी. दोन्ही वेळा, दिवसाच्या एकाच प्रहरी, त्याच पादत्राणांत, आणि जमलं तर दुपारी.